बारा जगांचा संच: पाहिलेलं किती, रचलेलं किती

मॅथिल्डे या लघुग्रहाच्या प्रतिकृतीतली लबाडी माझ्या भाचीनं पकडली. मी चष्मा लावून समोरच बसले होते, मला ती दिसली नव्हती.

भाची चौदा वर्षांची आहे, जन्मापासून दृष्टिहीन. मी तीस वर्षं नकाशे काढण्यात घालवलेली बाई, आणि ग्रह-लघुग्रहांकडे जाणाऱ्या यानांची जुनी नादिष्ट. या मोहिमांच्या गोष्टी मी तिला तोंडी सांगत आले. पण 'खडबडीत' म्हणजे किती आणि 'चपटा' म्हणजे कुठून, हे तोंडानं सांगून किती कळणार? म्हणून हा त्रिमितीय छपाईचा संच ऑनलाइन मागवला: यानांनी जवळून पाहिलेली बारा जगं, प्रत्येक मुठीत किंवा ओंजळीत मावेल एवढं, तळाशी ब्रेलमध्ये नाव. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. माणसं सभ्य आहेत, आणि मी याआधी हाताळलेल्या दोन संचांमध्येही हेच दोष होते.

बारा म्हणजे हे: लघुग्रहांपैकी एरॉस, मॅथिल्डे, आयडा (तारेवर टांगलेल्या डॅक्टिल या चंद्रासह), इटोकावा, र्‍युगू, बेनू, व्हेस्टा, सेरेस, सायकी; ग्रहांपैकी गुरू, शनी; आणि युरेनसचा उपग्रह मिरांडा. फोमच्या खाचांमध्ये नीट बसवून आले. डॅक्टिलची तार मात्र वाटेत तुटली होती. फोटो पाठवल्यावर नवी आली, काही कटकट झाली नाही.

आता मॅथिल्डे. भाचीनं ती दोन्ही हातांत धरली, अंगठे फिरवले, थांबली, परत फिरवले. "मावशी, हे खड्डे मी मघाशीच मोजले." मी म्हटलं, अगं, विवरं सारखीच लागतात हाताला. "सारखी नाहीत. तीच आहेत. एका मोठ्याच्या काठावर दोन लहान, आणि एकाला चीर. या बाजूला चीर उजवीकडे, त्या बाजूला डावीकडे. हातमोज्यांच्या जोडीसारखं."

भिंग घेऊन बसले. तंतोतंत खरं. कारागिरानं एका बाजूची विवरं उचलून, उलटी करून, दुसऱ्या बाजूला चिकटवली होती.

असं का केलं ते मला लगेच कळलं, कारण मॅथिल्डेची दुसरी बाजू कोणी पाहिलेलीच नाही. नीअर हे यान एरॉसकडे निघालेलं असताना २७ जून १९९७ रोजी तिच्या जवळून, म्हणजे सुमारे १,२०० किलोमीटरवरून गेलं. वेग सेकंदाला सुमारे १० किलोमीटर. एवढ्या वेगात एखाद्या घराशेजारून गेलात तर समोरची भिंत दिसते, परसदार नाही. घर स्वतःभोवती फिरत असेल तर थोडं परसदारही दिसतं, पण मॅथिल्डे अशी आळशी की स्वतःभोवती एक फेरी मारायला तिला सतरा दिवसांहून जास्त लागतात. यान आलं आणि गेलं, तेवढ्यात ती जेमतेम हलली. निम्म्याहून थोडा जास्त भाग उजेडात सापडला. त्यात करू नावाचं ३३ किलोमीटरचं विवर निघालं, आणि हे सरासरी ५३ किलोमीटर व्यासाच्या अंगावर. मॅथिल्डे कोळशासारखी काळी म्हणून तिच्या विवरांना जगभरातल्या कोळसा खोऱ्यांची नावं दिली आहेत. त्यात एक दामोदरही आहे. भाचीला ते नाव एवढं आवडलं की तिनं त्या खड्ड्यात बोट घालून दोनदा हाक मारली. मग म्हणाली, "आणि मागचा खोटा दामोदर?"

याचं उत्तर मला देता आलं नाही, म्हणून विक्रेत्याला ईमेल लिहिली.

नकाशाच्या धंद्यात याला एक साधा नियम आहे. मोजणी झाली नाही तो भाग कोरा सोडायचा आणि 'मोजणी नाही' असं त्यावर लिहायचं. शेजारचा डोंगर उचलून तिथे लावायचा नाही. कोरी जागा पाहून कोणाला तरी तिथे जावंसं वाटतं. खोटा डोंगर पाहून कोणी जात नाही, कारण तिथे आधीच कोणी जाऊन आलंय असं वाटतं.

गंमत म्हणजे याच संचात हा नियम पाळलेला एक तुकडा आहे. मिरांडा. व्हॉयेजर-२ हे यान २४ जानेवारी १९८६ रोजी युरेनसजवळून गेलं, आणि त्यानंतर तिकडे आजवर दुसरं यान फिरकलेलं नाही. युरेनस आडवा पडून फिरतो, अक्ष ९८ अंशांनी कललेला. त्या वर्षी त्याचा दक्षिण ध्रुव सूर्याकडे होता आणि उपग्रहांचे उत्तर गोलार्ध अंधारात. म्हणून मिरांडाचा दक्षिणेकडचा अर्धा भाग काय भन्नाट आहे: चुण्या पडलेले, कोनाडे कापलेले तीन प्रचंड पट्टे, आणि व्हेरोना रुपेस नावाचा कडा, ज्याची उंची २० किलोमीटरपर्यंत धरतात. सगळा उपग्रह जेमतेम ४७० किलोमीटरचा! उत्तरेकडचा अर्धा भाग या प्रतिकृतीत सपाट, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. भाचीनं विचारलं, "इथे काय आहे?" मी म्हटलं, कोणाला माहीत नाही. तिनं अंगठा तिथेच बराच वेळ ठेवला. संचातला तिचा सगळ्यात आवडता तुकडा हाच झाला.

विक्रेत्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं. थोडक्यात असं: सगळ्यात जास्त परत येणारा माल मिरांडाच आहे. लोकांना वाटतं छपाई अर्धवट राहिली. म्हणून मॅथिल्डेच्या वेळी आम्ही 'मागची बाजू भरून घेतली'. मी उलट लिहिलं की मग कार्डावर एक ओळ छापा, 'ही बाजू अजून कोणी पाहिलेली नाही'. ती ओळ वाचून गिऱ्हाईक माल परत करणार नाही, चार जणांना दाखवेल. त्यावर 'विचार करू' असं आलं आहे. करोत बापडे.

कार्डांबद्दल सांगायचं तर प्रत्येक तुकड्यासोबत हातभर रुंद माहितीपत्रक आहे, आणि त्यात आकार कुठून आला याबद्दल एकच ओळ: 'नासाच्या माहितीवर आधारित'. इटोकावा आणि र्‍युगू यांच्याकडे गेलेली हायाबुसा यानं जपानची होती, हेही त्या ओळीत बुडालं. खरं तर आकार कसा काढतात हीच सांगण्यासारखी गोष्ट आहे. एरॉसभोवती नीअर १४ फेब्रुवारी २००० पासून वर्षभर फिरलं, लेझरचे ठोके मारत आणि परतीचा वेळ मोजत. लघुग्रहाभोवती फिरणारं ते पहिलंच यान. दुसरी रीत फोटोंची आहे, आणि ती मला जास्त आवडते. एकच उतार सकाळच्या उन्हात, दुपारच्या उन्हात, कडेनं, वरून असा पुन्हापुन्हा टिपायचा. उजेड-सावलीच्या फरकातून त्या उताराचा कोन काढायचा. आणि असे हजारो तुकडे गोधडीसारखे जोडायचे. रॉबर्ट गॅस्केल यांनी ही पद्धत बसवली आणि इटोकावा, एरॉस यांचे आकार तिनं काढले. या फायली कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. म्हणजे कारागिराला खरा आकार मिळवायला काहीच अडचण नाही, आणि एरॉस, इटोकावा, बेनू यांवर ते दिसतंही. एरॉस तर हातात घेतला की ठेववत नाही. ३४ किलोमीटरचा शेंगेसारखा वाकडा दगड इथे १७ सेंटिमीटरचा झालाय, म्हणजे एक मिलिमीटरला २०० मीटर. त्या वाकणात अंगठा असा बसतो की जणू मुठीसाठीच घडवलाय. यान शेवटी त्याच्यावरच उतरलं, १२ फेब्रुवारी २००१ रोजी. उतरण्यासाठी ते बनवलेलंच नव्हतं, तरी नंतर दोन आठवडे मोजमापं पाठवत राहिलं.

एक सावधगिरी. छपाईचे थर हाताला लागतात. पाव मिलिमीटरहून बारीक असतील, पण ज्याची बोटंच डोळे आहेत त्याला ते सरळ रेघोट्या वाटतात. एरॉसवर खरोखरच चरे आणि लांब कणे आहेत, त्यामुळे खरी रेघ कुठली आणि प्रिंटरची कुठली याचा घोळ होतो. मी भाचीला सांगितलं: सगळीकडे समांतर आणि सारख्या अंतरावर जाते ती यंत्राची, वाट चुकते ती एरॉसची.

आता शनी, माझी दुसरी मोठी तक्रार. कडी दोन मिलिमीटर जाड आहेत. ते मी माफ केलं. ८ सेंटिमीटरच्या या शनीवर दोन मिलिमीटर म्हणजे ३,००० किलोमीटर. खरी कडी बहुतेक ठिकाणी दहाएक मीटर जाड. प्रमाणात करायची तर मिलिमीटरचा दीड लाखावा भाग. ते कुठल्याच प्लास्टिकला जमणार नाही. पण शनीचा गोळा? व्हर्नियर कॅलिपर लावला. विषुववृत्तावर ८.० सेंटिमीटर, ध्रुवांमधून ८.० सेंटिमीटर. अरे! शनी सगळ्या ग्रहांमध्ये सर्वांत चपटा. विषुववृत्तीय त्रिज्या ६०,२६८ किलोमीटर, ध्रुवीय ५४,३६४. म्हणजे वरून खाली ७.२ सेंटिमीटरच हवा होता. आठ मिलिमीटरचा फरक बोटांना लगेच कळतो. त्याच फरकात शनी कशाचा बनलाय आणि किती वेगानं फिरतो हे दडलेलं असतं: एवढा अवाढव्य वायूचा गोळा साडेदहा तासांत एक फेरी घेतो, मग पोट सुटणारच. हा साडेदहा तासांचा नेमका आकडाही कसा मिळाला पाहा. शनीवर बोट ठेवून मोजायला घट्ट जमीन नाही. शनीच्या पोटातल्या स्पंदनांनी कड्यांमध्ये उठणाऱ्या लाटा कॅसिनी यानानं टिपल्या, त्यांवरून १० तास ३३ मिनिटं असं उत्तर निघालं. यान तेव्हा उरलं नव्हतं. १५ सप्टेंबर २०१७ रोजी ते शनीतच जळून गेलं होतं.

शनीचा उत्तर ध्रुव मात्र शाब्बास. तिथला वाऱ्यांचा षटकोन उठावदार आहे. भाचीनं सहा कोपरे मोजले, मग पुन्हा मोजले, आणि म्हणाली, "वाऱ्याला कोपरे कसे असतील?" याची एक बाजू सुमारे १४,५०० किलोमीटर, पृथ्वीच्या व्यासाहून लांब, प्रतिकृतीवर एक सेंटिमीटर यायला हवी, आणि आली आहे. व्हॉयेजरच्या फोटोंमध्ये तो आधी सापडला, १९८० च्या दशकात. कॅसिनी पोहोचलं २००४ मध्ये, तरी तो होताच.

हीच आस्था गुरूच्या ध्रुवांवर दाखवायला हवी होती. गुरूही पूर्ण गोल केलाय (१० सेंटिमीटरला ध्रुवांतून ९.३५ हवा होता, असो). पट्टे छान आहेत, फिकट पट्टे किंचित उंच आणि गडद पट्टे किंचित खोल. ढगांच्या उंचीचा विचार केला तर दिशाही बरोबर आहे. पण ध्रुवांवर सगळे पट्टे भोवऱ्याच्या टोकासारखे एका बिंदूत मिटवले आहेत. तिथे कोणी पाहिलेलं नसतं तर मी काही म्हटलं नसतं. कॅसिनी २००० च्या डिसेंबरात गुरूजवळून गेलं तेव्हा ध्रुव तिरकेच दिसले होते. पण जुनो यान २०१६ च्या जुलैपासून ध्रुवांवरूनच फिरतंय! उत्तर ध्रुवावर मधे एक चक्रीवादळ आणि त्याभोवती आठ, दक्षिणेला मधे एक आणि भोवती पाच, एकमेकांना खेटून, आणि वर्षानुवर्षं न विरता. बोटांसाठी याहून मजेदार ठिकाण सूर्यमालेत नसेल. नऊ गोल उंचवटे वर, सहा खाली. इथे मॅथिल्डेच्या उलट झालंय: पाहिलेलं होतं, आणि ते पुसलं. हेही ईमेलमध्ये लिहिलं. त्याला उत्तर नाही.

बेनू आणि र्‍युगू यांची नावं अदलाबदल होऊन आली होती. दोन्ही भोवऱ्यासारखे, कमरेला कंगोरा असलेले, त्यामुळे बांधणाऱ्याचा गोंधळ समजू शकते. डोळ्यांना चटकन कळत नाही. पण हातात घ्या: एकाचा कंगोरा जवळजवळ वर्तुळ, आणि त्याच्या एका ध्रुवावर मोठा खडक पुढे आलेला. तो र्‍युगू, आणि तो खडक ओतोहिमे, सुमारे १६० मीटरचा. दुसऱ्याचा कंगोरा वरून चाचपला तर कोपरे घासलेल्या चौकोनासारखा. तो बेनू. नवी ब्रेल पट्टी विक्रेत्यानं पाठवली, पण तोवर भाचीला पट्टीची गरज उरली नव्हती.

बेनूवर नाइटिंगेल विवराच्या जागी टाचणीएवढं छिद्र आहे, ओसायरिस-रेक्स यानानं नमुना उचलला ती जागा. २० ऑक्टोबर २०२०. हा तपशील पाहून मी खूश झाले. मी तिला सांगितलं की यानाचा हात टेकला तेव्हा जमीन थांबवेना. हात अर्धा मीटर आत गेला, जणू कोणी चेंडूंनी भरलेल्या हौदात पाय टाकावा. इतका माल भरला की डब्याच्या झडपेत खडे अडकले आणि ती मिटेना, माती अवकाशात सांडू लागली. तरी पृथ्वीवर १२१.६ ग्रॅम पोहोचली, २४ सप्टेंबर २०२३ रोजी. आधी हायाबुसा-२ नं र्‍युगूहून ५.४ ग्रॅम आणली होती, त्याच्या बावीस पट. भाचीनं बेनू टेबलावर आपटला. टक्क आवाज आला. "मग हा कडक का?" वाळूनं भरलेली कापडी पिशवी करून विका, बेनू जास्त खरा होईल, असंही मी ईमेलमध्ये घालणार होते, पण तेवढं राहू दिलं.

मापाचा घोळ मोठा आहे, आणि कार्डांवर त्याचा उल्लेखच नाही. इटोकावा आणि व्हेस्टा दोन्ही मुठीएवढे. भाचीनं त्यांना भावंडं ठरवलं होतं. इटोकावा लांबीला ५३५ मीटर, व्हेस्टा ५२५ किलोमीटर! इटोकावा सहा सेंटिमीटरचा धरला तर व्हेस्टा वीस मजली इमारतीएवढी व्हावी आणि गुरू १६ किलोमीटर रुंद. हे गणित आम्ही दोघींनी मिळून केलं, पण ते कार्डावर असायला हवं होतं. तीच गत आयडाची. १२ सेंटिमीटरच्या आयडाला डॅक्टिल तीन मिलिमीटरचा, आणि तोही १८ सेंटिमीटर दूर हवा. इथे तो गोटीएवढा, दोन सेंटिमीटरच्या तारेवर. एवढा जवळ आणि एवढा मोठा असता तर गॅलिलिओ यानाचे फोटो उतरल्यावर तो पहिल्या झटक्यात दिसला असता. यान आयडाजवळून गेलं २८ ऑगस्ट १९९३ रोजी. मुख्य अँटेना उघडलाच नव्हता, फोटो थेंबाथेंबानं येत होते, आणि चंद्र सापडला फेब्रुवारी १९९४ मध्ये.

व्हेस्टा उत्तम. दक्षिणेचं ऱ्हेआसिल्विया विवर जवळजवळ तिच्या स्वतःइतकंच रुंद, मधे शिखर. अंगठा ठेवला की दोन्ही कळतं. सेरेसवर ऑकेटर विवरातले पांढरे डाग नुसते रंगवलेत, बोटांना काहीच नाही. बाकी सेरेसबद्दल बोलण्यासारखं फार नाही.

राहिली सायकी. धातूची म्हणून गाजलेली, सुमारे २२० किलोमीटरची. या संचात तिच्यावर अणकुचीदार कडांची विवरं, भेगा, चकाकणारा चंदेरी रंग. सुंदर काम आहे. फक्त तिच्याजवळ अजून कोणीही गेलेलं नाही. दुर्बिणी आणि रडारनं ढोबळ आकार कळतो तेवढाच. तिचं यान १३ ऑक्टोबर २०२३ रोजी निघालंय, अजून वाटेत आहे. 'यानांनी जवळून पाहिलेली' असं खोक्यावर छापून आत ही ठेवणं मला पटलं नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. दृष्टिहीन मुलांसाठी घेणार असाल तर जरूर घ्या, पण आधी स्वतः तुकडे तपासा, आणि कुठला भाग खरोखर पाहिलेला आहे हे मुलांना सांगून ठेवा. आम्ही काय केलं तेही सांगते. मॅथिल्डेच्या मागच्या बाजूवर भाचीनं मऊ फेल्ट कापून चिकटवलं, चीर उजवीकडची की डावीकडची हे तिनंच पाहून. मिरांडाला हात लावला नाही. सायकी सुती पिशवीत घालून नाडी बांधली, आणि पिशवीवर ब्रेलची पट्टी टोचून लावली. पट्टीवर यान पोहोचायचा महिना आहे: ऑगस्ट २०२९.